लग्नाचं जातं आणि अमेरिकेची गाणी

चि. गोपीचंद,
पालमहून तुझ्या अक्काचे तुम्हा सगळ्यांना भरभरून आशीर्वाद.

मी जात्यावर डाळ भरडत होते आणि माझ्या ओव्या ऐकता ऐकता तुझ्या दाजींचा चहा थंड झाला, ती सकाळ अजून आठवते. ते गेल्यापासून मी गायलेच नव्हते.

लेकीकडे मजेत आहे. दीपिकाने अमेरिकेतल्या गाण्यांचं पुस्तक वाचायला दिलं. साठ वर्षांपूर्वी तिथली पोरं मजुरांच्या जुन्या गाण्यांत नवे शब्द घालून काळ्या लोकांच्या हक्कासाठी रस्त्यावर गायली. एकाने गिटारला वीज जोडली, तर त्याचेच लोक चिडले! कुणी कसं गावं हे ठरवणारे तिकडेही आहेत, म्हणून मला लय हसू आलं, विहिणीलाही ते वाचून दाखवलं.

तुझ्या धाकट्या लेकीचा, राणीचा, खोकला गेला का?

परवा दीपिकाच्या नणंदेच्या लग्नाचं जातं मांडलं. हळदीच्या जात्याला विधवेने हात लावू नये म्हणून मी दाराशीच उभी राहिले. विहीण भागुबाई म्हणाल्या, "इहीणबाई, त्या अमेरिकेच्या लोकायला हसता आन् सोता दारात उभ्या ऱ्हाता व्हय? उद्या हळद दळायची हाय. पयली ओवी तुमीच म्हणायची."

दुसऱ्या दिवशी मी जात्याचा खुंटा धरला आणि तुझ्या दाजींचं नाव घालून पहिली ओवी गायले.

तुझी,
दैवशाला अक्का