फायबरखालची ओल

४ मार्च
सिरोंच्याला पोचलो. गडचांदूरच्या सिमेंटच्या धुळीनंतर इथली हवा गोड लागते. घर गोदावरीच्या काठालाच. नावाडी पोचूभाऊ आणि त्यांची बायको इतवारीबाई, दोघंच राहतात. बाईंनी मासळीचा असा झणझणीत रस्सा वाढला की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी. दोघंही खूप हसले. काम जुन्या सागवानी नावेच्या दुरुस्तीचं. नावेवर वरून फायबर चढवलेलं. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात ती खडकावर आदळली. तेव्हापासून काठावर पालथी पडून आहे. त्या दिवशी त्यांची मुलगी माधवी नावेत होती. ती सापडलीच नाही. हे त्यांनी हात धुताना सांगितलं, आणि विषय बदलला.

६ मार्च
फायबर वरून गुळगुळीत. लाकडी हातोडीनं ठोकत गेलो, तर तळाशी एका जागी बद्द आवाज आला. तिथलं फायबर कापलं. खालची फळी कुजून भुसा झालेली, आणि ओली. दोन उन्हाळे तापलेली नाव, तरी पाणी पाझरत होतं. इतवारीबाईंनी त्या फळीला गाल लावला आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

९ मार्च
नवी फळी बसवली. सुकत नाही. पुसली की पुन्हा ओली. आज हातोडी खाली ठेवली आणि आतून ठोके आले. वाकून पाहिलं, नावेखाली कोणी नाही. पोचूभाऊ म्हणाले, माधवी लहानपणी नावेखाली लपायची, अशीच ठोकायची. ते जेवले नाहीत. फळीला कान लावून ‘बिड्डा, बिड्डा’ करत बसलेत. तेलुगूत लेकराला तसं म्हणतात.

११ मार्च
फायबर चढवायला बसलो, तर पोचूभाऊंनी हात धरला. "नोको बंद करू भाऊ, पोरगी गुदमरन माही."
इतवारीबाई रडत म्हणाल्या, "कर बंद. जाऊ दे तिले आता."
मी बाईंचं ऐकलं. फायबरवर लावलेलं रेझिन घट्ट होईपर्यंत आतून ठोके येत राहिले, जोरजोरात. मग थांबले. भाऊ माझ्याशी बोलत नाहीत.

१३ मार्च
नाव पाण्यात सोडली. गळत नाही. भाऊ एकटेच घेऊन गेले. मधल्या धारेत वल्हं ठेवलं, तळाला कान लावून आडवे झाले. मग उठले— आम्ही काठावरून ओरडलो— कोणी हाक मारल्यासारखे पाण्यात उतरले.
मासे धरणाऱ्या ढीवरांनी नाव ओढून आणली, पालथी घातली. भाऊ सापडत नाहीत.

१४ मार्च
ठोके पुन्हा. आता दोघांचे. एक थांबला की दुसरा—
बाई नावेपासून हलत नाहीत. "दोघं बी आत हायेत. मीच एकटी भायेर. खोल, भाऊ."

१५ मार्च
कापलं. फायबर, फळी, दोन्ही. पाणी आलं— थांबेना. बाईंनी भोकात हात घातला. कोपरापर्यंत. खांद्यापर्यंत. मी नावेखाली वाकलो— तिकडे हात निघालाच नव्हता.
कमरेला धरून ओढलं. आतूनही कोणी—
बाई रडता रडता हसत होत्या. "धरला माहा हात. सोड मले, भाऊ."
मी सोडलं—