मेंढ्या मावतील असा कॉम्प्युटर

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
रविवार

तीर्थरूप मुंजाबादादास,

धाकट्या बिभीषणचा तिसऱ्या मजल्यावरून खाली वाकून नमस्कार. इथं सगळे ठीक आहेत, लिफ्ट सोडून. तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेल्या तेलानं मालिश चालू आहे, की बाटली अजून खुंटीलाच टांगलेली आहे? राजाबाईवहिनींचा खोकला गेला का? हे पत्र त्यांनीच तुला वाचून दाखवायचं आहे, म्हणून त्यांनाही नमस्कार. (वहिनी, कंसातला मजकूर फक्त तुमच्यासाठी. तो मोठ्यानं वाचू नका. दादानं विचारलं की मध्येच का थांबलीस, तर चष्मा पुसतेय म्हणा.)

खिशात फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. दादा, तू फोन कानाला लावतोस, "बोल लौकर, मेंढरं वावरात शिरली" असं ओरडतोस आणि मी तोंड उघडायच्या आत बंद करतोस. मागच्या महिन्यात तर स्वतःहून फोन केलास. मला वाटलं, आज निवांत बोलेल. तर "गुडघं संपलं. पोरगं ट्रकवर गेलं, मागं चालायला कुणी नाय. दिवाळीनंतर मेंढरं इकून टाकतो" एवढं म्हणालास, आणि मी "अरे" म्हणेपर्यंत फोन बंद. तो 'अरे' मी तोंडात घेऊन कितीतरी दिवस कंपनीत हिंडत होतो. पण धाकट्यानं थोरल्याला काय सांगायचं? चालतोस तू, दुखतं तुझं. मी जन्मभर प्रेस मशीनपुढं पत्र्याच्या सावलीत उभा राहिलेला माणूस. तेव्हा त्या विषयावर या पत्रात मी एक अक्षरही लिहिणार नाही. मला लिहायचं आहे ते कॉम्प्युटरबद्दल.

तुला ठाऊकच आहे, दिवाळीला मी निवृत्त होतोय. मला त्याचं काही नाही, पण सुलेखानं धास्ती घेतली आहे. निवृत्त नवरा घरात मोकळा सुटला की डब्यांची झाकणं उघडून बघतो, असं तिला खालच्या मजल्यावरच्या बायकांनी सांगितलंय. तिचं म्हणणं, एका जागी बसून करता येईल असा काहीतरी नाद लावून घ्या. शेजारचे एक गृहस्थ रोज सकाळी बागेत जाऊन चारचौघांत मोठमोठ्यानं हसतात. मी एकदा गेलो होतो. मला हसू आलं नाही, म्हणून त्यांनी मला मागच्या रांगेत उभं केलं.

शेवटी आमच्या करुणानं मार्ग काढला. (ती आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, लग्नाचं विचारू नका.) तिनं तिच्या लॅपटॉपवर मला एक खेळ दाखवला. बंदुका वगैरे नाहीत. डोंगर आहे, माळ आहे, ओढा आहे आणि मेंढ्या आहेत. आपण मेंढपाळ. मेंढ्या चारायच्या, पाण्यावर न्यायच्या, दिवस मावळला की आणून बसवायच्या, बस्स. दादा, मी तासभर खुर्चीतून उठलो नाही. सुलेखा दारात उभी राहून बघून गेली आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. पण कळप जरा वाढला तसा तो लॅपटॉप धापा टाकायला लागला. त्याचा पंखा आमच्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानासारखा ओरडायला लागला आणि सगळं जागच्या जागी थांबलं. एक मेंढी एक पाय वर उचलून तशीच उभी. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सारखं वाटत होतं, तिचा पाय भरून आला असेल.

करुणा म्हणाली, बाबा, या खेळाला गेमिंग कॉम्प्युटर लागतो. तो तयार आणायचा नसतो, एकेक भाग निवडून जुळवायचा असतो. माझी भिशी नुकतीच लागली होती. तेवढंच बजेट, वर एक रुपया मागितलात तर तुमच्या मेंढ्या आणि तुम्ही, असं सुलेखानं बजावलं. मग करुणानं मला सगळं समजावून दिलं. प्रोसेसर म्हणजे डोकं. ग्राफिक्स कार्ड गवत रंगवतं, आणि जेवढं महाग कार्ड तेवढी गवताची पाती वेगवेगळी हलतात. रॅम म्हणजे दावण, जेवढी लांब तेवढी जनावरं. पॉवर सप्लाय सगळ्यांना चारा पुरवतो. किमती ऐकून मी मनातल्या मनात हिशेब केला, तर एका नव्या ग्राफिक्स कार्डात चार गाभण मेंढ्या येत होत्या. म्हणजे मेंढ्यांचं चित्र बघायला मेंढ्याच द्यायच्या! (वहिनी, हे वाक्य मोठ्यानं वाचलंत तरी चालेल. दोनदा वाचलंत तरी चालेल.)

बजेट बसेना तेव्हा ओव्हरक्लॉक निघालं. म्हणजे काय, तर प्रोसेसर बेताचा घ्यायचा आणि कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. मी म्हटलं, पळवला तर तापणार. करुणा म्हणाली, तापतोच, म्हणून त्याला मोठा कूलर बसवायचा. आता दादा, आपण जन्मात कधी भर दुपारी कळप हाकलाय का? ऊन चढलं की झाड बघायचं, मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या राहतात, आपण घोंगडी टाकून पडायचं. मी अट घातली की हे यंत्र बारा ते चार बंद राहील. करुणानं कपाळावर हात मारला. मराठवाड्यात मे महिन्यात ओव्हरक्लॉक करायला निघालेल्या पोरीनं दुसऱ्याला वेडं समजू नये, पण समजावणार कोण?

इथल्या कॅनॉटच्या बाजारात बुद्धभूषण नावाचा एक कॉम्प्युटरचा दुकानदार आहे. गोड माणूस, पण त्याचा पहिलाच प्रश्न घात करून गेला. म्हणाला, "काका, टेन्शन नही लेने का. फक्त सांगा, मेंढ्या किती पाळणार? त्याच्यावर सगळे पार्ट ठरतेत." तुला आठवतं ना, बाबा कळप मोजू द्यायचे नाहीत? मोजला की घटतो म्हणायचे. दिवस मावळताना कडेला उभं राहून नुसतं बघायचं. एखादी मागं राहिली असली की नजर अडते, तेवढी मोजदाद पुरे. आता बुद्धभूषण विचारतोय, "पन्नास? शंभर? दोनशे?" आणि मी प्रत्येक आकड्याला कानावर हात ठेवतोय. मी म्हटलं, आमच्या दादाच्या आहेत तेवढ्या. म्हणाला, दादाच्या किती? मी त्याला दुकानाबाहेर आणलं आणि हातानं दाखवलं, चरायला पसरल्या की या पायरीपासून त्या समोरच्या बँकेपर्यंत, आणि तिकडं रसवंतीपर्यंत. त्यानं रस्ता नजरेनं मापला आणि शांतपणे म्हणाला, "मग बत्तीस जीबी टाका." (वहिनी, मेंढ्या विकायला काढल्या की व्यापारी आल्याआल्या आधी मोजतो. एकेक मेंढी बोट लावून. दादाला याची आठवण करून द्या, पण माझं नाव न घेता.)

ग्राफिक्स कार्ड नवं परवडेना म्हणून वापरलेलं बघायचं ठरलं. दादा, इथं मात्र मी दुकानातल्या भल्याभल्यांना पाणी पाजलं असं मला वाटत होतं. बुद्धभूषणनं चार कार्डं काढून काचेवर मांडली. कार्डाला एका कडेनं सोनेरी दात असतात. मी एकेक कार्ड उजेडात नेलं, दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, वास घेतला. पहिल्याचे दात झिजलेले, मी म्हटलं ही जुळलेली आहे, म्हातारी. दुसरं फारच चकचकीत. बाजारात मीठ चारून पाणी पाजून पोट फुगवलेली मेंढी आणतात ना, तसला प्रकार. तिसरं मला आवडलं. अंगानं भरलेलं, दात अजून न फुटलेले म्हणजे कोवळं, नजर चांगली. नजर म्हणजे त्यावरचा दिवा. मी ते छातीशी धरून म्हटलं, हीच. करुणा भिंतीकडं तोंड करून उभी होती. बुद्धभूषण अदबीनं म्हणाला, "काका, ते कार्ड नाय. तो आमचा वायफायचा डब्बा हाय, चुकून मध्ये आला."

शेवटी कार्ड करुणानंच निवडलं. सगळं तात्पुरतं जोडून बुद्धभूषणनं खेळ चालू करून दाखवला, ओव्हरक्लॉक वगैरे सगळं करून. दादा, काय सांगू तुला. मोठा पडदा. गवताचं पातं न् पातं हलत होतं. ऊन कललं होतं, डोंगराची सावली माळावर उतरली होती, तंतोतंत दौलताबादच्या मागचा आपला माळ. पडद्याच्या कोपऱ्यात मेंढ्यांचा आकडा येत होता, त्यावर मी करुणाची टिकली चिकटवून टाकली. आणि मग कळप उताराला लागला. पुढं एक काळ्या तोंडाची, मागं तिची दोन पिल्लं, आणि सगळ्यात शेवटी एक लंगडी. लंगडी ओढ्याकडं वळायला लागली. मला भान राहिलं नाही. मी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि आपली ती हाक दिली, "हुर्रर्र… य्या य्या!"

कॅनॉटच्या त्या एसी दुकानात हेडफोन बघणाऱ्या दोन पोरी दाराकडं सरकल्या. आणि दादा, पडद्यावरच्या एकाही मेंढीनं मान वळवली नाही. एकीनंही नाही. त्या तशाच खाली मान घालून चरत राहिल्या, सगळ्या एकाच ठेक्यात. गवत इतकं छान हलत होतं आणि त्याला वास नव्हता. मी खुर्चीत बसलो. मला एवढं रडू येईल असं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी नोकरीला लागलो म्हणजे मी त्यातून सुटलो. पण मी रोज पहिल्या पाळीला जाताना मनात म्हणायचो, दादा आता वाघुरीचं जाळं सोडून मेंढ्या बाहेर काढत असेल. पगार झाला की म्हणायचो, गावातल्या तात्यासाहेबांच्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवायचं ठरलं असेल. तू तिथं चालत होतास म्हणून मी इथं उभा राहू शकलो. मला त्या ओल्या लोकरीचा वास हवाय, दादा. मला सगळा कळप एकदम उठताना होणारी खुरांची खसखस ऐकायची आहे. हे तुला फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, येडा झाला का.

त्या हाकेला ओ एकाच जीवानं दिली. बँकेच्या दारातला सुरक्षारक्षक धावत रस्ता ओलांडून आला, काठी हातात, आणि दुकानात डोकावून विचारतो, "कुणाची मेंढरं हायती?" चितेगावचा कचरू. त्याच्याकडं पूर्वी मोठा कळप होता, आता नाही. आम्ही दोघं पायरीवर बसून चहा प्यायलो. तो कळप विकला त्या दिवसाचं सांगत होता. म्हणाला, "टेंपोत चढवली. म्या हाक नाय दिली. दिली असती तर उड्या टाकून आली असती." तोच कचरू हे पत्र घेऊन आला आहे. त्याला बाजेवर बसवा, जेवू घाला, भाकरी दोन जास्त टाका.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना जप. वहिनींचं ऐकत जा.

तुझा,
बिभीषण

ता. क. कॉम्प्युटरचे सगळे भाग ठरले आहेत. यादी बुद्धभूषणकडं आहे. घेतलं काहीच नाही.

दुसरा ता. क. दादा, रागावू नकोस. आज सकाळी कचरूनं तुझ्या हातात मेंढ्यांचा इसार ठेवला, आणि तू तो कपाळाला लावून घेतलास. घेतल्याखेरीज पत्र द्यायचं नाही, असं मी त्याला बजावून पाठवलं होतं. तो इसार म्हणजे माझी भिशी. मेंढ्या घेणारा मी आहे. इसार घेतला की तू दुसऱ्या कुणाला देत नाहीस, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. बाकीचे पैसे कंपनी निवृत्तीचा हिशेब करेल तेव्हा देईन. दिवाळीनंतर मागं मी चालतो. तू झाडाखाली बसून मला शिव्या घाल, मी चुकीच्या बाजूनं वळवल्या म्हणून.

तिसरा ता. क. वहिनी, हा सगळ्यात शेवटी वाचा. सुलेखाला वाटतंय, मी आज प्रोसेसर आणायला गेलो आहे. तुम्ही हे वाचाल तेव्हा मी आमच्याच इमारतीत खाली जिन्याजवळ बसून असेन. वर जायची हिंमत होत नाही. तुम्ही तिला फोन करा. तुमचं ती ऐकते. सांगा की एका जागी बसून करायचा नाद मला जमला नाही. आणि दादा हो म्हणाला का, तेवढं आधी मला कळवा.