कलम पाचमधली अट

लिहून ठेवणार मी, वय वर्षे बहात्तर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. सगळी गल्ली मला ‘सिस्टर’ म्हणते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नसावी. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीची व्यवस्था माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावी.

१. दोन वर्षांपूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी रागाच्या भरात केलं होतं.

२. बँकेतली ठेव, चार बांगड्या आणि शिवणयंत्र मुलीला. ती शाळेत शिक्षिका आहे आणि मलाही विद्यार्थिनीच समजते.

३. श्वासातला धूर मोजायचं यंत्र मी पदरमोड करून घेतलेलं आहे. ते दवाखान्याच्या तंबाखूमुक्ती केंद्राला द्यावं. केंद्र म्हणजे पूर्वीची झाडू ठेवायची खोली. ‘तुमच्याकडे येणार कोण?’ म्हणत मोठ्या डॉक्टरांनी ती माझ्या गळ्यात मारली होती. पंधरा वर्षांत एवढी माणसं आली की झाडूंना दुसरीकडे जावं लागलं. शेवटच्या वर्षी मोठे डॉक्टर स्वतः आले, मागच्या दाराने. यंत्राने त्यांचा काय आकडा दाखवला ते मी कोणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही.

४. शाळेच्या फाटकासमोर पोरांना सुट्ट्या सिगारेटी विकणाऱ्या दुकानदाराविरुद्ध मी अकरा अर्ज केले. बाराव्याला त्याचं दुकान हललं. तेव्हापासून मला बघितलं की तो तोंड फिरवतो. माझी मोठी छत्री त्याला द्यावी. नव्या जागेत त्याच्यावर दुपारचं ऊन येतं, आणि ते माझ्यामुळे येतं. अर्ज मात्र मी मागे घेतलेला नाही.

५. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीचा हक्क, मुलाला. तो वायरमन आहे. जुन्या मृत्युपत्रात इथे अट होती: वर्षभर तंबाखूपासून लांब राहिल्याचा डॉक्टरी दाखला आणल्याशिवाय त्याला घर मिळू नये. ती अट मी काढून टाकली आहे. कारण लिहिणं भाग आहे, नाहीतर म्हातारीला चळ लागला म्हणतील.

केंद्रात येणाऱ्याला मी ‘सोडलं ना?’ असं कधी विचारलं नाही. त्या प्रश्नाला एकच उत्तर देता येतं आणि ते बहुतेक वेळा खोटं असतं. मी ‘आज किती?’ एवढंच विचारायचे. माणूस आकडा सांगतो आणि मग पुढचं काम सुरू होतं. हे शहाणपण मी परक्यांसाठी राखून ठेवलं. घरी मात्र रोज संध्याकाळी नवरा दारात दिसला की विचारायचे, ‘सोडलं ना?’ तो लवंग चघळत ‘हो’ म्हणायचा आणि मी निश्चिंत व्हायचे. अकरा वर्षं असं चाललं. फुप्फुसाचा आजार कळला तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला, “‘नाही’ म्हटलं असतं तर तुझं तोंड एवढंसं झालं असतं गं. ते बघवलं नसतं.” या गोष्टीचा राग मी अजून धरून आहे, आणि तो नवऱ्यावर नाही.

पुढे मुलाच्या शर्टाला लवंगेचा वास यायला लागला, तेव्हा मी पुन्हा तेच केलं. फक्त प्रश्नाऐवजी घर मध्ये घातलं. हे मी दवाखान्याच्या पहारेकऱ्यापाशी बोलले. त्याची तंबाखू आठव्या खेपेला सुटली. तो म्हणाला, “सिस्टर, घर जाईल या भीतीनं सुटत असती, तर माझी पहिल्याच खेपेला सुटली असती. बायकोनं दोनदा बाहेर काढलं होतं. दाखला काय, तुमचा मुलगा कुठूनही आणेल. पण मग तुमच्यापाशी खरं बोलायला येणार नाही.”

म्हणून घर विनाअट. मुलीने हरकत घेऊ नये.

६. पहारेकऱ्याला काही ठेवलेलं नाही, कारण साक्षीदाराला देऊ नये असं वकील म्हणतात. केंद्रातली माझी खुर्ची त्याला आधीच दिली आहे. नवीन येणाऱ्यांशी आता तोच बोलतो, आणि माझ्यापेक्षा बरा बोलतो.

पुरवणी. सही करण्याआधी हा मजकूर मी दोन्ही मुलांना साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. मुलगी म्हणाली, “आई, हे चुकणाऱ्याला बक्षीस दिल्यासारखं झालं.” मी म्हटलं, “तो आजारी आहे गं, नापास झालेला नाही.” तिला पटलेलं दिसत नाही. मुलगा खाली बघत होता. तो म्हणाला, “आई, माझी सुटलेली नाही. सकाळपासून तीन सिगारेटी झाल्या.”

या घरात मला असं सरळ कोणी पहिल्यांदाच सांगितलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. म्हटलं, “बरं. उद्या आधी माझ्याबरोबर चहा घे. पहिली त्यानंतर. चालेल?” तो म्हणाला, “बघतो.”

खालची सही डाव्या हाताने केलेली आहे. उजवा हात मुलाने धरला होता आणि मला तो सोडवून घ्यायचा नव्हता. सही वेडीवाकडी असली तरी माझीच समजावी.

ठिकाण : राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक : १२ मार्च, सकाळी दहा वाजता

लिहून ठेवणार : सिस्टर (सही)

साक्षीदार :
१. दवाखान्याचा पहारेकरी (सही). डाव्या हाताने सही होताना समक्ष पाहिलं.
२. वरच्या मजल्यावरचे घड्याळजी (सही). मीही पाहिलं. हात शेवटपर्यंत सुटला नव्हता.