मेंढीच्या मफलरचा खुलासा

ती. ताईस, सध्या कोपरापर्यंत खळीत बुडालेल्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला? इकडे माझी तब्येत ठणठणीत आहे आणि नोकरीही आहे, निदान महिनाअखेरपर्यंत. तुझं पत्र पोचलं. मी वाढदिवसाला पाठवलेलं चित्रांचं पुस्तक बघून भिंगरी शेजारच्या बाळाची टोपी काढून आणते, भावजींचा मफलर ओढते आणि वर ‘मामाच्या पुस्तकात असंच आहे’ म्हणते, तेव्हा लहान पोरांसाठी असलं काय छापता, असं तू विचारलंयस. रागावू नकोस, नीट वाच. पुस्तक चांगलं आहे. बिघडवलं मी.

आमच्या बांधणीखात्यात छापून घडी घातलेले आठ-आठ पानांचे फर्मे येतात. लांब टेबलावर चार थप्प्या मांडायच्या, टेबलाभोवती फिरत एकेक फर्मा उचलून एकावर एक ठेवायचा, मग शिवायचं, की झालं पुस्तक. दिवसभर फिरायचं काम. (मी शाळेत बाकावर टिकत नव्हतो, तेव्हा तूच म्हणायचीस, याला चालायचा पगार मिळाला पाहिजे. मिळतो.) थप्प्यांचा क्रम फर्म्यांच्या कडेच्या काळ्या खुणा बघून लावतात. फोरमननं दहादा सांगितलं होतं. पण त्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती, तो गेला डॉक्टरकडे, आणि मी खुणांऐवजी चित्रं बघितली. पानांवर आकडेही नाहीत, आकड्यांनी चित्रं बिघडतात म्हणे.

एका फर्म्यात मेंढी कोट, टोपी, मफलर, मोजे घालून नटलेली. (मेंढीला कोट कशाला, असं विचारायचं नाही. मी विचारून बसलोय.) दुसऱ्यात टोपी नाही, तिसऱ्यात मफलरही नाही, चौथ्यात नुसती लोकर आणि सगळी पिल्लं तिला बिलगलेली. मी म्हटलं, शहाणा प्राणी सकाळी उठून एकेक कपडा चढवतो, उतरवत कोण सुटतो? लावल्या थप्प्या उलट्या. चारशे पुस्तकं केली, शीळ घालत.

खरी गोष्ट अशी, की ती मेंढी थंडीत कुडकुडणाऱ्या पिल्लांना आपले कपडे देत जाते. देणारा हात आणि घेणारा हात चित्रात सारखाच दिसतो गं. (भिंगरीला अजून अक्षरं लागत नाहीत, तीही मामासारखी चित्रंच वाचते.) त्यामुळे माझ्या पुस्तकात मेंढी आधी पिल्लांना जवळ घेते, मग एकेकाला सोलते आणि शेवटी नटूनथटून निघून जाते. चित्रं काढणाऱ्या बाई बघायला आल्या, शेवटच्या पानापर्यंत गेल्या आणि खुर्ची मागितली. मालक म्हणाले, “तुला गोष्ट कळत नाही का रे?” मी म्हटलं, कळते, म्हणूनच झालं.

आता सगळी उसवून पुन्हा शिवली जातायत. तीनशे नव्याण्णव सापडली. एक प्रत कुणीतरी बाजारात नेली असा मालकांचा समज आहे, ती महिनाअखेर मिळाली नाही तर माझा रस्ता मोकळा. तोवर मला खळीच्या बादलीपाशी बसवलंय. बसवलंय, ताई. मला.

भावजींना नमस्कार, भिंगरीला पापा.

तुझा भाऊ

ता. क. चारशेवी प्रत भिंगरीकडे आहे. पहिलीच शिवलेली, म्हणून हौसेनं न विचारता उचलली होती. मालकांना सांगायची हिंमत होत नाही. ताबडतोब पाठव, नाहीतर मीच घरी पोचेन.

ता. क. २. ती सहज सोडणार नाही, म्हणून बदल्यात सरळ जुळलेली प्रत विकत घेऊन सोबत धाडली आहे. खुणा तीनदा बघितल्यात. तेव्हा आता ती घरातले कपडे वाटत सुटली, तर मला लिहू नकोस. भावजींचा कोट तेवढा आजच कुलपात ठेव.