बंदूक रिकामी, पिशवी बंद

१४ नोव्हेंबर
वही घेऊन तीन आठवडे झाले. रोज म्हणते लिहू, आणि रोज लाकडं फोडायची असतात, मोजे वाळत घालायचे असतात. खरं कारण आळस. आज बर्फाने दारच अडवलंय, म्हणून बसले.

मिशिगनच्या या वरच्या टोकाला मी आठवडाभरच राहणार होते. हंगामी कामं करत फिरते. सफरचंदाच्या बागा झाल्या, अलास्कात मासे साफ करून झाले — हातांचा वास महिनाभर गेला नव्हता, ते वेगळंच — मग वडिलांचे भाऊ, रायमोकाका, आठवले. आता उद्या हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतोय आणि मी अडकलेय.

काकांचा गुडघा गेलाय. रानात जायचं तर दोन सीटची एटीव्हीच, म्हणजे जाड चाकांची उघडी रानगाडी. आणि कायदा असा, की एटीव्हीवर बंदूक न्यायची तर पूर्ण रिकामी आणि पिशवीत बंद. गेल्या वर्षी काकांनी गोळ्यांचं मॅगझिन काढलं, नळीतली गोळी विसरले. वनखात्याचा अधिकारी पेलेटिए, त्याने नेमकी तीच बाहेर काढली. दंड झालाच, वर न्यायाधीश म्हणाले, "पुन्हा सापडलात तर तीन वर्षं परवाना नाही." काका शहात्तर वर्षांचे. तीन वर्षं म्हणजे कायमचीच.

म्हणून हे काम मी घेतलं. काका गाडीत बसायच्या आधी बंदुकीचा बोल्ट, म्हणजे नळीमागची खीळ, उघडायचा, करंगळी आत घालायची, "रिकामी" म्हणायचं आणि पिशवीची चेन ओढायची.

१५ नोव्हेंबर
करंगळी काळी. हरीण नाही.

१७ नोव्हेंबर
पलीकडच्या शिकाऱ्यांच्या कॅम्पातला वेर्न कॉफीला आला. वेलचीचा पाव अर्धा त्यानेच संपवला. "काय रे रायमो, ही पोरगी तुला लाळेरं पण बांधते का?"
काका कपात बघत बसले.
"माझी बघ. मांडीवर, भरलेली. तुझी चेन उघडेपर्यंत हरीण काय तिथे उभं राहणार?"
मी म्हटलं, "हरीण नाही राहणार, वेर्नकाका. पेलेटिए राहतो."
काका हसले नाहीत. पण उरलेला पाव माझ्याकडे सरकवला.

२० नोव्हेंबर
आज ते दिसलं. वाटेच्या कडेला, साठेक पावलांवर. दहा टोकांची शिंगं. शेपूट हलवत आमच्याकडेच बघत होतं.
काका कुजबुजले, "दे."
"आधी उतरा."
"उतरेपर्यंत जाईल ते. दे म्हणतो ना."
मी पिशवीवर बसले. अक्षरशः. काका गाडी चालू ठेवून त्या शिंगांकडे बघत राहिले, डोळ्यांत पाणी. थंडीने असेल. मग म्हणाले, "तुझा बाप असता तर त्याने दिली असती," आणि गाडी पुढे काढली.
वळणावर पोचलो नाही तोच मागे गोळी वाजली.
"गेलं," काका म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबात होतं."
संध्याकाळी सौना, वाफेची खोली, तापवला, तरी बोलले नाहीत. मी बॅग भरून ठेवलीय. मला निघणं सोपं जातं.

२१ नोव्हेंबर
बॅग रिकामी केली!
सकाळी दुकानात गेलो, काका गाडीतच बसून राहिले. गल्ल्यावरची बाई हसून हसून लाल. ते हरीण खोटं! भुसा भरलेलं, शेपटीत मोटर. गाडीवरून गोळ्या झाडणाऱ्यांना पकडायला वनखात्याने उभं केलेलं. आणि काल सापडला कोण, तर वेर्न. मांडीवर, भरलेली. बंदूक जप्त.
बाहेर येऊन काकांना सांगितलं. त्यांनी इंजिन बंद केलं.
"शेपूट जरा जास्तच हलत होतं," म्हणाले. मग माझी टोपी डोळ्यांवर ओढली. "तुझ्या बापानेही नसती दिली. मी रागात बोललो."
येताना भेटेल त्याला गाडी थांबवून सांगत होते, "ही माझी पुतणी. पिशवीवर बसली होती." चौघांना सांगितलं. मी बर्फाकडे बघत होते, पण कान तिकडेच.

२३ नोव्हेंबर
दारात पेलेटिए उभा आहे. वर्दी नाही. त्याच्या हाताला धरून त्याचे वडील, पाय लटपटतायत, अंगात शिकाऱ्याचं नवं नारिंगी जाकीट. "त्या दिवशी हरणामागच्या झुडपात मीच होतो," तो काकांना सांगतोय. "हंगामभर मला सुट्टी नाही. यांना एकदा रानात जायचंय. दुसऱ्या कुणाच्या गाडीत मी बसवणार नाही."
म्हणजे उद्या मी पायी.
काका म्हणाले, "बूट काढा. कॉफी होतेय."