कललेली शेवंती

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पर्यटकांच्या वर्गासाठी आज पुन्हा तो निळा अंगरखा घालावा लागला. अठ्ठावीस वर्षं मी पांढरा कोट, टोपी आणि रबरी बूट घालून मिठाई करतोय. पण पर्यटन कार्यालयाच्या निशिवाकी मॅडम म्हणतात, बूट फोटोत बरे दिसत नाहीत. दारावर पाटी — 'दीड तासात मिठाई, चहा आणि मनःशांती'. एका ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी विचारलं, तासाभरात आटपेल का, बोट गाठायची आहे. मॅडम म्हणाल्या, हरकत नाही, मनःशांती थोडी लवकर सुरू करू.

मला सूचना अशी, की कमी बोला आणि गंभीर दिसा. दिसलो. घरची मोरी तुंबलीय, तिचा विचार करत होतो. तिघांनी फोटो काढले.

५ ऑक्टोबर, रविवार

हिराओका बाईंचा निरोप आला. चूल उघडण्याचा चहा ९ नोव्हेंबरला. नेहमीप्रमाणे शेवंतीच्या फुलाची मिठाई, सहा. पाच पाहुण्यांना, एक जादा.

बाई चौऱ्याऐंशीच्या. अर्ध्या गावाला त्यांनी चहा प्यायला शिकवलं, उरलेल्या अर्ध्याला घाबरायला. त्यांच्या घरचा हा चहा म्हणजे चहावाल्यांचा पाडवा — उन्हाळी शेगडी उचलायची, जमिनीतली चूल उघडायची, आणि पहिला मान वरच्या देवळाच्या महंतांना. मिठाई शंभर वर्षं आमच्या दुकानाची.

गेल्या वर्षी महंतांनी माझी शेवंती खाल्ली आणि म्हणाले, "सुंदर. फारच सुंदर."

माझी बायको किनुए म्हणते, मग काय वाईट झालं? ही याच गावची, आणि हिला कळत नाही! आमच्याकडे 'सुंदर' ही स्तुती. 'फारच सुंदर' हे सांत्वन. पुढे बाईंनीच मला रस्त्यात गाठून फोड केली — महंत म्हणाले, त्सुमोरींची शेवंती पाहिली की आधी त्सुमोरी दिसतात, मग शेवंती.

वर्षभर हे मनात घोळतंय. यंदाही तसंच झालं, तर काम पुलापलीकडच्या आसोंच्या दुकानाला जाणार, हे बाई न बोलता बोलल्या आहेत. दुकान माझ्या हाती देताना जुने मालक एवढंच म्हणाले होते, बाईंचं काम जाऊ देऊ नकोस.

सकाळी बुद्धापुढे नाम घेताना लक्ष पाकळ्यांत होतं. क्षमा असावी.

६ ऑक्टोबर, सोमवार

शुक्रवारच्या गटातली एक बाई परत आली. इनेश नाव, पोर्तुगालची, वय बासष्ट. लिस्बनला जन्मभर ट्राम चालवली, आता हिंडते. त्या दिवशी सगळ्यांना 'शेवंतीत पारंगत' असं प्रमाणपत्र मिळालं, ते तिनं परत आणून दिलं. म्हणाली, दीड तासात माझे फक्त हात धुऊन झाले, दोन महिने शिकव.

जपानी भाषा तिनं कुठल्याशा कॅसेटवरून उचललीय. त्या कॅसेटवर बहुतेक सगळे बालमित्रच बोलत असावेत. मला सरळ अरे-तुरे करते. किनुए मागच्या दाराशी जाऊन हसून आली. "चोवीस वर्षांत माझी हिंमत झाली नाही," म्हणाली.

ठेवून घेतली. नाही म्हणायला आमच्याकडे तीन आठवडे लागतात, तेवढ्यात ती शिकायला लागली होती.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

इनेशचं पुरण जमलं. पांढरा घेवडा शिजवून, गाळून, मोचीचं, म्हणजे चिकट तांदळाचं, पीठ घालून मळायचं — त्यात ती कुठेच घाबरत नाही. पण शेवंती! लाकडी कांडीनं सोळा रेघा ओढायच्या, मधून कडेला, एका दमात. तिचं फूल एका अंगाला कलतं. तिच्या ट्रामला वळण आल्यासारखं.

मी म्हणतो, सरळ. ती म्हणते, सरळच आहे, तू वाकडा बसलायस.

चहाची रीत शिकायला तिला बाईंकडे पाठवलं. गुडघ्यांवर तासभर बसवलं, उठताना पाय बधिर, धाडकन पडली. बाई म्हणाल्या, "पडलात तेसुद्धा फार घाईनं." इनेशला हे इतकं आवडलं, की तिनं वहीत लिहून घेतलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सरळ. सरळ. सरळ. आज किती वेळा म्हणालो कोण जाणे. रात्री किनुए म्हणाली, झोपेतही म्हणालात.

९ नोव्हेंबर, रविवार

काय झालं ते नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच ते वेगळं आठवीन.

पहाटे सात शेवंत्या केल्या. पहिली बुद्धापुढे ठेवली, नेहमीसारखी. राहिल्या सहा. पेटीत भरताना एकीला तडा गेला. रंगवलेलं पुरण संपलेलं, नवीन करायला वेळ नाही. बुद्धापुढची उचलून आणावी, असं एकदा मनात आलं. हातही जोडले, परवानगी मागितल्यासारखे. पण दिलेलं परत कसं घ्यायचं? शेजारच्या फळीवर इनेशची सरावाची शेवंती होती — त्याच पुरणाची, त्याच रंगाची. थोडी कललेली. ती ठेवली. म्हटलं, सहातली एक, कोपऱ्यात, कोण बघतंय.

चहा संपल्यावर मला आत बोलावलं. असं कधी होत नाही. पाचही पाहुणे ओळीनं बसलेले. महंत रिकाम्या ताटलीकडे पाहत होते. म्हणाले, "त्सुमोरी, माझ्या शेवंतीची एक पाकळी मागे राहिली होती. बाकीच्या गेल्या, ही थांबली. इतक्या वर्षांनी तुम्ही हाताचं कसब मिरवणं सोडलंत."

इनेशचीच ती! मी म्हणालो, नाही, नाही, ते माझ्या हातचं नव्हे.

सगळ्यांनी माना डोलावल्या. कसा विनय! मी पुन्हा म्हणालो — खरंच, मी केलेलं नाही ते. महंतांनी डोळे मिटले. "बरोबर. ते आपण करतच नसतो," म्हणाले. शेजारच्या डॉक्टरांनी तर वाकून नमस्कार केला.

आपल्याकडे स्तुती झाली की 'छे, छे, कसलं काय' म्हणायचं, ही लहानपणापासूनची सवय. आता खरं सांगायला वेगळा शब्दच शिल्लक नाही.

महंतांनी लगेच काम सांगितलं — त्यांच्या गुरूंच्या श्राद्धाला, ६ डिसेंबरला, चाळीस. "अगदी अशाच."

१० नोव्हेंबर, सोमवार

इनेशला सांगितलं. आधी हसली. मग विचारलं, तू त्यांना सांगितलंस? दोनदा सांगितलं, म्हटलं. मग? मग त्यांनी आणखी कौतुक केलं.

तिनं हातातली कांडी पुसून ठेवली. मग म्हणाली, "आमच्याकडे याला चोरी म्हणतात. तुमच्याकडे नमस्कार करतात."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बातमी गावभर. आसोंच्या काचेत कालपासून कललेल्या शेवंत्या. पुरवठा मर्यादित, अशी पाटीही. न्हावी मला म्हणाला, एक बाजू जरा आखूड ठेवू का?

निशिवाकी मॅडमनी पाटी बदलली — 'दीड तासात अपूर्णतेची साधना'. पाहुणे फार खूश. पूर्वी त्यांची फुलं बिघडायची, आता ती मुळातच बरोबर असतात. एका जर्मन गृहस्थांनी मात्र चुकून अगदी नेटकी शेवंती केली. मॅडमनी त्यांना समजावलं, निराश होऊ नका, सरावानं जमेल.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

श्राद्धासाठी सराव. एक पाकळी मागे ठेवायची, एवढंच. पण मी मुद्दाम ठेवली की ती मुद्दामच दिसते. तिरपी केली तर तिरपी केलेली दिसते. जाड केली तर जाड केलेली. किनुएनं एक उचलून दिव्याशी धरली. म्हणाली, "लंगडायचं सोंग करतेय."

चाळीस केल्या, चाळीस मोडल्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लाज सोडून इनेशला म्हटलं, तू करून देतेस का? तुझी आपोआप कलते.

तिनं हात धुतले, बसली, सोळा रेघा ओढल्या. सरळ! देखणी, घट्ट, एकेक पाकळी मोजून घ्यावी अशी. पुन्हा केली, पुन्हा सरळ. मी म्हटलं, जरा वाकडं कर ना. ती संतापली. "दीड महिना 'सरळ, सरळ' म्हणून डोकं खाल्लंस. आता जमलं तर वाकडं कर?"

खरं आहे. गावात एकच हात असा होता जो आपोआप चुकायचा, आणि तो मीच सुधारला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज नाम घेताना जीभ अडली. आमच्या डोंगरातल्या शाळेत अकरा मुलं होतो. गुरुजी म्हणायचे, खोटं बोलणारा एकदा वाचतो, खोटं गिळणारा रोज मरतो. तेव्हा वाटायचं, मास्तर पाठ केलेलं बोलतात.

मी खोटं बोललो नाही. खरं बोललो आणि ते कुणी ऐकू नये अशा सुरात बोललो. त्या क्षणी कौतुक गोडही लागलं. हे बुद्धापुढे बसून तरी लिहायला हवं, म्हणून वही इथेच आणली.

काम जाईल. जाऊ दे. मालकांना वर गेल्यावर काय ते सांगीन.

२४ नोव्हेंबर, सोमवार

किनुएला सांगितलं, बाईंकडे जाऊन सगळं कबूल करतोय. पेटीत दुसऱ्याची शेवंती घातली, असं स्पष्ट म्हणणार, विनय वाटायला जागाच ठेवणार नाही. ती म्हणाली, जेवून जा. मग म्हणाली, काम गेलं तर गेलं, आपण दोघंच तर आहोत. तिनं माझा चांगला कोट काढून ठेवलाय. बाहेरगावी निघाल्यासारखं वाटतंय.

इनेशही येते म्हणाली. नको म्हटलं. ती खरं बोलेल, आणि पहिल्याच वाक्यात.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ती कललेली? पेटी उघडताच दिसली मला. पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखी नव्हती. मागच्या खोलीत मीच खाल्ली. बाहेर गेलेल्या पाचही तुमच्याच."

मी विचारलं, मग महंतांची ती पाकळी?

"मागे राहिली होती. उन्हाळ्यापासून तुमच्या हातून राहतेय."

घरी येऊन सकाळच्या शेवंत्या खिडकीशी नेऊन मांडल्या. नाकाशी धरून एकेक पाहिली — प्रत्येकीत एक पाकळी मागे. मग हात पाहिला.

किनुए भांडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."