दारावरची वाघीण

बाबा, तुमची गाडी परवा सापडली आणि परवाच हातची गेली.

ट्रॉय गावाहून काकांचा फोन आला, तुमच्या कंपनीतल्या त्या मित्रांचा. "अगं, तुमची ती गाडी, वाघीण, एका बॉडी शॉपमध्ये उभी आहे. आजच जुना रंग खरवडून काढतायत." मी मीटिंग अर्धवट सोडून निघाले. वाटेत शॉपला सारखी फोन लावत होते, कुणी उचलेना. तुम्ही गेल्यावर आईने ती विकली, आणि तेव्हापासून मला शोधायला सांगत आली आहे.

तुम्ही आठवडाभर कंपनीत ब्रेकची ड्रॉइंग्ज काढायचात आणि रविवारी तिच्यापाशी असायचात. आधी रंगाचा सोनेरी थर, त्यावर काचेसारखा पारदर्शक लाल, पुन्हा लाल. स्वयंपाकघरात थिनरचा वास शिरतो म्हणून आई दार लोटून पोळ्या लाटते आहे, आणि तुम्ही गाडी गॅरेजमधून उन्हात ढकलता. लालाच्या आतून सोनं पेटतं. मग बारीक ब्रशने दारावर देवनागरीत 'वाघीण', दीर्घ वेलांटीला शेपटीचा झोक. ड्रॅग रेसच्या, त्या सरळ रेषेतल्या शर्यतींच्या ट्रॅकवर अमेरिकन लोकांना ती अक्षरं नक्षीच वाटायची. शर्यत तुम्ही बहुतेक हरायचात, पण मागच्या चाकांच्या धुरातून ती लांब नाकाची लाल गाडी पुढे आली की माणसं उठून उभी राहायची.

मी पोचले तेव्हा एक बाजू पत्र्यापर्यंत खरवडून झाली होती. नाव असलेलं दार अजून शाबूत होतं. मी त्या दाराला पाठ लावून उभी राहिले. नवा मालक माझ्याच वयाचा, सभ्य माणूस. रंगाखाली गंज पसरलाय, ठेवला तर पत्राच जाईल, असं त्याने समजावलं. निदान दार द्या म्हणून मी गयावया केली. ते मूळचं आहे, देता येणार नाही, म्हणाला. मग त्याने ब्रश पुढे केला.

"नाव तुम्ही लिहा. नव्या रंगावर तेच राहील."

त्याने दिलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर मी लिहून पाहिलं. पुसलं, पुन्हा लिहिलं. शाळकरी, ताठ अक्षरं. तुम्ही लिहिलेलं नाव समोर दिसत होतं, तरी तो झोक हातात येईना. शेवटी मी ब्रश ठेवला, दार कोरंच ठेवा म्हटलं आणि बाजूला झाले. मशीन सुरू झालं.

हे लिहून झालं की फाडणार आहे. आईच्या हाती लागायला नको. तिला मी सांगितलंय, शॉपमधली ती गाडी आपली नव्हतीच.